विश्लेषण : सर्व्हर तोच, काम मात्र कित्येक पट? प्रॉक्सी कॅशेवर अनेक ‘प्रोसेस’ चालवण्याचे गणित काय?

महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा असो, एखाद्या शहरातला इंटरनेट पुरवठादार असो किंवा क्रिकेटचा अंतिम सामना कोट्यवधी मोबाइलवर पोहोचवणारे जाळे, या सगळ्यांमागे एक जुनीच युक्ती आहे. मागितलेली वस्तू एकदा दुरून आणायची आणि पुढच्या मागणीसाठी जवळ ठेवायची. हे काम करणाऱ्या सर्व्हरला प्रॉक्सी कॅशे म्हणतात. गर्दी वाढली की तो मंदावतो आणि नवे, महागडे यंत्र घेण्याची चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात अनेकदा त्याच यंत्रातले बहुतेक प्रोसेसर कोअर रिकामे बसलेले असतात, कारण प्रॉक्सीची एकच प्रोसेस एकाच कोअरवर राबत असते. मग एकाऐवजी चार किंवा आठ प्रोसेस चालवल्या तर? वेग वाढतो, पण चौपट किंवा आठपट क्वचितच. असे का होते, हे समजून घेणे सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आणि त्याचा खर्च उचलणाऱ्यांसाठीही महत्त्वाचे आहे.

प्रॉक्सी कॅशे नेमके काय करतो?

वापरकर्ता आणि मूळ संकेतस्थळ यांच्या मधे हा सर्व्हर बसतो. मागितलेले पान किंवा चित्र त्याच्या साठ्यात असेल तर तो ते लगेच देतो. याला ‘हिट’ म्हणतात. नसेल तर मूळ संकेतस्थळाकडून आणतो, वापरकर्त्याला देतो आणि एक प्रत ठेवून घेतो. हा ‘मिस’. शंभर मागण्यांपैकी किती साठ्यातून भागल्या, हे ‘हिट रेशो’ सांगतो.

ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संस्थेत वेबचा जन्म झाला आणि तिथल्याच वेब सर्व्हरमध्ये १९९४ च्या सुमारास प्रॉक्सी व कॅशेची सोय आली. त्यानंतर अमेरिकेतील ‘हार्वेस्ट’ या संशोधन प्रकल्पाच्या कॅशेमधून ‘स्क्विड’ हे मुक्त सॉफ्टवेअर तयार झाले. ड्वेन वेसल्स यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. आजही अनेक संस्था ते वापरतात. एका प्रोसेसकडून अनेक प्रोसेसकडे जाण्याचा प्रवासही स्क्विडच्याच उदाहरणावरून सर्वाधिक स्पष्ट दिसतो.

एकच प्रोसेस हजारो जोडण्या कशा सांभाळते?

पंगतीतला तरबेज वाढपी डोळ्यांसमोर आणावा. एका पानावर भात वाढून ते पान जेवून होईपर्यंत तो तिथे थांबत नाही. ज्याचे पान रिकामे दिसेल तिकडे वळतो, वाढतो आणि पुढे सरकतो. स्क्विडची प्रोसेस तशीच चालते. कोणत्या जोडणीवर नवी मागणी आली, कोणाला पुढचा तुकडा पाठवायला जागा झाली, एवढेच ती ऑपरेटिंग सिस्टीमला विचारते. जे काम तयार असेल तेवढे करते आणि पुन्हा विचारते. या फेऱ्यांना ‘इव्हेंट लूप’ म्हणतात.

या रचनेचा फायदा मोठा आहे. प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळी प्रोसेस लागत नाही, मेमरी वाचते आणि प्रोसेसरला एका कामावरून दुसऱ्यावर उड्या माराव्या लागत नाहीत. नेटवर्कची गती प्रोसेसरच्या तुलनेत संथ होती, त्या काळात एक वाढपी अख्ख्या पंगतीला पुरत असे.

मग अडचण कुठे आली?

अडचणी दोन. पहिली म्हणजे एखादे काम वाढप्याला जागेवर अडकवून ठेवणारे निघाले तर सगळी पंगत खोळंबते. डिस्कवरून फाइल वाचणे हे असे काम. डिस्कचे उत्तर येईपर्यंत प्रोसेस थांबली, तर ज्यांची मागणी मेमरीतूनच भागली असती तेही ताटकळतात.

दुसरी अडचण प्रोसेसरच्या इतिहासातली आहे. २००४ पर्यंत दर नव्या प्रोसेसरचा वेग वाढत होता आणि जुने सॉफ्टवेअर आपोआप वेगाने चालत होते. उष्णता आणि विजेचा वापर आवाक्याबाहेर गेल्याने त्या वर्षी इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडला. पुढच्या वर्षी एकाच चिपवर दोन कोअर असलेले प्रोसेसर आले. तेव्हापासून ताकद वाढते ती मुख्यतः कोअरची संख्या वाढवून. एकाच प्रोसेसमध्ये, एकाच धाग्यावर चालणाऱ्या प्रॉक्सीला या वाढीचा फारसा उपयोग नव्हता.

वापरकर्त्याला हे कसे जाणवते?

समजा, एका मागणीसाठी प्रोसेसरचा एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे एक कोअर सेकंदाला जास्तीत जास्त १,००० मागण्या भागवू शकेल. पण ९९९ मागण्यांपर्यंत सगळे सुरळीत आणि त्यानंतर कोंडी, असे होत नाही. मागण्या एकसारख्या अंतराने येत नाहीत, झुंडीने येतात. रांगेच्या साध्या गणितानुसार कोअर निम्मा व्यग्र असताना सरासरी दोन मिलिसेकंद लागतात. तो ९० टक्के व्यग्र झाला की १०, ९५ टक्क्यांवर २० आणि ९९ टक्क्यांवर १०० मिलिसेकंद.

आता ९०० मागण्यांचा तोच भार दोन कोअरवर समान वाटला तर प्रत्येक कोअर ४५ टक्के व्यग्र राहतो आणि सरासरी वेळ १० वरून दोन मिलिसेकंदांच्या आत येते. म्हणजे दुसरी प्रोसेस केवळ क्षमता वाढवत नाही, ती रांग मोडते. एका पानात डझनावारी चित्रे आणि फाइल असतात. त्यामुळे प्रत्येक मागणीतली ही बचत पान उघडण्याच्या वेळेत साठत जाते.

आधी काही उपाय नव्हते का?

होते, पण ते मदतनिसांच्या रूपात. स्क्विडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता शोधण्यासाठी वेगळ्या छोट्या प्रोसेस असत. फाइल पुसण्यासाठी, पासवर्ड तपासण्यासाठी, पत्ते बदलण्यासाठीही स्वतंत्र मदतनीस होते. डिस्कचे काम ‘डिस्क-डी’ नावाच्या प्रोसेसकडे किंवा वेगळ्या थ्रेडकडे सोपवण्याची सोय नंतर आली.

कोठीतून भांडे आणायला पोऱ्या ठेवावा, तसा हा उपाय. वाढपी अडकून पडत नाही, पण पंगतीत फिरणारा तो एकटाच राहतो. डिस्कची अडचण सुटली, कोअरची नाही. मागणी वाचणे, नियम तपासणे, साठ्यात शोधणे आणि उत्तर पाठवणे हे मुख्य काम एकाच कोअरवर होत राहिले.

एकाच यंत्रावर स्क्विडच्या चार प्रती का चालवू नयेत?

अनेक व्यवस्थापकांनी वर्षानुवर्षे हेच केले. प्रत्येक प्रतीला वेगळा पोर्ट, वेगळी सेटिंग्ज फाइल, वेगळी साठ्याची जागा आणि पुढे भार वाटणारा एखादा कार्यक्रम. चार प्रोसेस, चार कोअर. प्रक्रियेचा वेग वाढतो, पण कॅशेचा मूळ हेतू इथे पातळ होतो.

कारण चारही प्रतींना एकमेकींच्या साठ्याची माहिती नसते. एखादे चित्र पहिल्या प्रतीकडे आहे, पण पुढची मागणी तिसरीकडे गेली तर ती ते पुन्हा मूळ संकेतस्थळाकडून आणते. एका मिसच्या जागी चार मिस होऊ शकतात. लोकप्रिय वस्तू चारही साठ्यांत जागा अडवतात, त्यामुळे १०० जीबीच्या चार साठ्यांत ४०० जीबीच्या वेगवेगळ्या वस्तू मावत नाहीत. समजा, हिट रेशो ४० टक्क्यांवरून ३५ वर आला. फरक पाचच टक्क्यांचा दिसतो, पण बाहेरून आणाव्या लागणाऱ्या मागण्या ६० वरून ६५ होतात, म्हणजे सुमारे आठ टक्के वाढ. बाहेरच्या बँडविड्थचे पैसे मोजणाऱ्या संस्थेसाठी हा थेट खर्च आहे.

यावर दोन तोडगे निघाले. पहिला ‘आयसीपी’ हा नियमसंच. १९९७ मध्ये त्याचा लिखित दस्तावेज प्रसिद्ध झाला. आपल्याकडे वस्तू नसेल तर प्रॉक्सी आधी शेजारच्या प्रॉक्सीला छोटा संदेश पाठवून विचारतो. मात्र प्रत्येक मिसमागे विचारणा आणि उत्तराची वाट आली. दुसरा तोडगा ‘कार्प’. यात विचारणाच नसते. वेब पत्त्यावर गणिती क्रिया करून ती वस्तू कोणत्या प्रतीकडे असायला हवी, हे ठरवले जाते. एक पत्ता, एक घर. त्यामुळे दुबार साठा टळतो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या सर्व्हरवरही एके काळी स्क्विड आणि कार्पची जोडी होती. या पद्धतीत पत्ता पाहून मागणी पुढे ढकलणारा एक जादा टप्पा लागतो आणि प्रत्येक उत्तर दोन प्रोसेसमधून प्रवास करते. प्रोसेसरचा काही वेळ त्यातच जातो.

स्क्विडच्या ३.२ आवृत्तीने काय बदलले?

२०१२ मध्ये स्थिर झालेल्या या आवृत्तीत अनेक प्रोसेस चालवण्याची सोय स्क्विडच्या आतच आली. सेटिंग्ज फाइलमध्ये ‘वर्कर्स’ या शब्दापुढे ४ लिहिले की एकाच फाइलवरून चार वर्कर प्रोसेस सुरू होतात आणि एकाच पोर्टवर मागण्या घेतात. त्यांच्यावर देखरेख करणारी एक मुख्य प्रोसेस असते. एखादा वर्कर कोसळला तर ती त्याला पुन्हा उभे करते आणि बाकीचे वर्कर तोवर काम सुरू ठेवतात. आकडेवारी गोळा करणे आणि वर्करमध्ये मेळ ठेवणे यासाठी ‘कोऑर्डिनेटर’ ही वेगळी प्रोसेस असते.

खरा बदल साठ्याच्या बाबतीत झाला. मेमरीतला साठा सर्व वर्करना सामाईक झाला. डिस्कसाठी ‘रॉक’ नावाची नवी रचना आली. ती सर्व वर्कर मिळून वापरू शकतात आणि अशा प्रत्येक साठ्याचे वाचन-लेखन करणारी वेगळी ‘डिस्कर’ प्रोसेस असते. म्हणजे चार वर्कर आणि दोन रॉक साठे असतील तर चार, दोन आणि एक कोऑर्डिनेटर अशा सात प्रोसेस, वर मुख्य प्रोसेस. सुरुवातीला या सामाईक साठ्यात ३२ केबीपेक्षा मोठ्या वस्तू बसत नव्हत्या. ती मर्यादा २०१५ च्या ३.५ आवृत्तीत दूर झाली.

इथे एक सापळा आहे. फाइलींच्या स्वरूपात साठवणाऱ्या जुन्या रचना सामाईक वापरासाठी बनलेल्या नाहीत. वर्कर वाढवले आणि साठा जुनाच ठेवला, तर प्रत्येक वर्करसाठी वेगळी जागा द्यावी लागते. तसे केले की प्रवास पुन्हा चार स्वतंत्र प्रतींकडे जातो आणि वर सांगितलेला दुबार साठ्याचा तोटा परत येतो.

मागण्या सर्वांना समान मिळतात का?

नेहमीच नाही. अनेक प्रोसेस एकाच पोर्टवर कान लावून बसल्या की नवी जोडणी कोणाला मिळेल, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. काही परिस्थितींत एकदोन वर्कर बहुतेक काम ओढतात आणि बाकीचे जवळपास रिकामे राहतात. स्क्विडच्या तंत्रज्ञांनीही वाटप असमान असू शकते, हे नोंदवले आहे.

लिनक्सच्या २०१३ मधील ३.९ आवृत्तीत ‘रीयूजपोर्ट’ ही सोय आली. तिच्यामुळे प्रत्येक प्रोसेसची स्वतंत्र रांग करता येते आणि नव्या जोडण्या त्या रांगांत विखुरल्या जातात. वाटप बरेच समान होते. पण एखादा वर्कर जड कामात अडकला तर त्याच्या रांगेतल्या जोडण्या, शेजारी मोकळा असूनही, तिथेच थांबून राहतात. तिकीट खिडकीवर आपलीच रांग नेमकी हळू सरकावी, तसा हा प्रकार.

किती प्रोसेस पुरेशा?

कोअरच्या संख्येइतक्या, हे उत्तर सोपे आहे, पण पूर्ण बरोबर नाही. साधारण सल्ला असा की एक कोअर ऑपरेटिंग सिस्टीमसाठी राखावा आणि प्रत्येक वर्करला एक खरा कोअर मिळावा. हायपरथ्रेडिंगमुळे एका कोअरचे दोन दिसतात. ते दोन कोअर धरून हिशेब केला की अपेक्षा फसते.

त्यातही ‘अ‍ॅम्डाल’चा नियम आडवा येतो. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादाचा अर्थ असा, की कामाचा जो भाग वाटता येत नाही तोच अंतिम वेग ठरवतो. समजा, १० टक्के काम एका वेळी एकालाच करता येते. मग चार प्रोसेसनी वेग ३.१ पट होतो, आठनी ४.७ पट आणि १६ नी केवळ ६.४ पट. कितीही प्रोसेस लावल्या तरी १० पटींच्या पुढे जाता येत नाही. प्रॉक्सीत हा न वाटता येणारा भाग म्हणजे सामाईक साठ्याच्या सूचीतली नोंद, एकच डिस्क, एकच नेटवर्क कार्ड. वाढपी दहा असले आणि आमटीचे पातेले एकच असले, की डावासाठी थांबावेच लागते.

आणखी काही खर्च सेटिंग्जमध्ये दडलेले असतात. पासवर्ड तपासणारे मदतनीस प्रत्येक वर्कर स्वतःचे वेगळे सुरू करतो. एका वर्करमागे २० मदतनीस असतील तर चार वर्करमागे ८० होतात आणि मेमरी तेवढी जाते. वेगावर मर्यादा घालणारे ‘डिले पूल’ वर्करमध्ये सामाईक नसतात. एखाद्या विभागाला १० एमबीपीएसची मर्यादा घातली असेल, तर चार वर्करवर मिळून ती प्रत्यक्षात ४० पर्यंत जाऊ शकते. प्रोसेस वाढवल्यानंतर ‘नियम मोडले’ अशी तक्रार आली, तर आधी इथे पाहावे.

प्रोसेसऐवजी थ्रेड का नाहीत?

थ्रेड एकाच प्रोसेसच्या आत चालतात आणि मेमरी आपोआप सामाईक असते. २००६ मध्ये पॉल-हेनिंग कॅम्प यांनी नॉर्वेतील ‘व्हीजी’ या वृत्तपत्रासाठी ‘व्हार्निश’ हा कॅशे लिहिला, तो याच पद्धतीने. त्यांच्या सांगण्यानुसार, त्या वृत्तपत्राच्या १२ स्क्विड यंत्रांची जागा तीन व्हार्निश यंत्रांनी घेतली. अर्थात या फरकामागे केवळ थ्रेड नव्हते. मेमरी आणि डिस्क यांच्यातली ओढाताण टाळणारी रचना हेही मोठे कारण होते.

इगोर सिसोएव यांचा २००४ मध्ये खुला झालेला ‘एन्जिनएक्स’ मात्र एक मुख्य आणि अनेक वर्कर प्रोसेस याच वाटेने गेला आणि जगभर पसरला. ‘एचएप्रॉक्सी’ने उलटा प्रवास केला. आधी अनेक प्रोसेसची सोय होती, नंतर थ्रेड आले आणि २०२१ च्या २.५ आवृत्तीत अनेक प्रोसेसची जुनी सोय काढूनच टाकली.

याचे कारण क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या अनुभवातून कळते. एन्जिनएक्समध्ये मूळ सर्व्हरशी जोडलेल्या खुल्या जोडण्या प्रत्येक वर्करपुरत्या असतात. वर्कर जितके जास्त, तितक्या या जोडण्या विखुरतात आणि नव्याने जोडावे लागते. कंपनीने थ्रेड वापरणारा ‘पिंगोरा’ हा प्रॉक्सी लिहिला आणि २०२२ मध्ये जाहीर केले, की एका मोठ्या ग्राहकाच्या बाबतीत जोडण्यांच्या पुनर्वापराचे प्रमाण ८७.१ टक्क्यांवरून ९९.९२ टक्क्यांवर गेले आणि नव्या जोडण्या १६० पटींनी घटल्या. पण थ्रेडही फुकट येत नाहीत. मेमरी सामाईक असल्याने एका थ्रेडमधली चूक सगळी प्रोसेस पाडू शकते. वेगळ्या प्रोसेस एकमेकांपासून सुरक्षित राहतात. निवड या दोन गोष्टींमधली आहे.

आजच्या काळात याचे महत्त्व किती?

वेबवरची बहुतेक वाहतूक आता एचटीटीपीएसद्वारे सांकेतिक रूपात होते. ती उघडल्याशिवाय संस्थेतल्या प्रॉक्सीला आतली वस्तू दिसत नाही, त्यामुळे तो केवळ पुढे पाठवण्याचे काम करतो. महाविद्यालये आणि कार्यालयांतल्या प्रॉक्सींचा हिट रेशो त्यामुळे घसरला. तिथे आता साठ्यापेक्षा नियम लावणे आणि नोंदी ठेवणे हे मुख्य काम आहे. हे काम वर्करमध्ये चांगले वाटले जाते.

कॅशेचा खरा भार आता संकेतस्थळांच्या बाजूला, ‘सीडीएन’ म्हणजे मजकूर पोहोचवणाऱ्या जाळ्यांकडे गेला आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषक अंतिम सामना डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक पाहत होते. इतक्या लोकांना प्रत्येक तुकडा एकाच मूळ सर्व्हरवरून देणे शक्य नसते. तो जवळच्या कॅशेतून जातो आणि त्या प्रत्येक कॅशे यंत्रात काम अनेक कोअरवर वाटावेच लागते. सांकेतिक जोडणी बांधण्याचे गणित प्रोसेसरला जड असते, पण प्रत्येक जोडणी स्वतंत्र असल्याने ते काम सहज विभागता येते.

लहान संस्थेसाठी यातून निघणारा मार्ग साधा आहे. आधी मोजावे. एकच कोअर शंभर टक्क्यांजवळ आणि बाकीचे निवांत असतील तर प्रोसेस वाढवून फायदा होईल. सगळेच कोअर निवांत आणि तरीही पान हळू उघडत असेल तर दोष डिस्कचा, बाहेरच्या जोडणीचा किंवा नाव शोधणाऱ्या सर्व्हरचा असू शकतो. तिथे वर्कर वाढवून काही साधत नाही. वाढवायचेच ठरले तर एकावरून दोन, दोनवरून चार असे जावे आणि प्रत्येक पायरीवर वेगाबरोबर हिट रेशोही पाहावा. मागण्या वाढल्या, पण हिट रेशो पडला, तर प्रोसेसर मोकळा होऊन बिल बँडविड्थकडे सरकले एवढाच त्याचा अर्थ.